नावाच्या जागी एक

१

बोलत्या वाचनालयातल्या सगळ्यात जुन्या वाचक बाईंचं नाव चोरीला गेलं आणि चोराने त्या जागी एक आकडा ठेवला, ही बातमी वहिनींना कळली तेव्हा त्या कोपरापर्यंत साबणात होत्या. फोन त्यांनी खांद्याने कानाशी दाबून धरला.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता ये," पलीकडून त्यांची नणंद म्हणाली. "काका माझ्यावर आळ घेतायत."

नणंद वयाने लहान. पण लग्नाच्या दिवशी वहिनींनी थट्टेने तिला 'वन्सं' म्हटलं, ते तोंडात बसलं ते बसलंच. वन्सं या बोलत्या वाचनालयाच्या व्यवस्थापक होत्या. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची आणि वेबसाइटवर ठेवायची, असं काम चालायचं. आणि हे वाचनालय नेमकं एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. यावरचे सगळे विनोद करून झाले होते, तरी नवा माणूस आला की तो एक करायचाच.

वहिनींनी अर्धं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासली होती. छापखाना बंद पडल्यावर त्या हटून बसल्या आणि वेबसाइटच्या मागे जो मजकूर लिहिलेला असतो तो वाचायला शिकल्या. "शेवटी तिथेही वेलांट्याच शोधायच्या," असं त्या म्हणायच्या. आता त्या घरी बसून लोकांच्या बिघडलेल्या साइट दुरुस्त करायच्या आणि मजेत होत्या.

त्या जिना चढून वर गेल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत ऑपरेटरकाका ताठ बसले होते. जन्मापासून दृष्टी नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणायचे, ती या वाचनालयाची पहिली वाचक. काकू जाऊन आता बराच काळ लोटला होता. पण काका रोज सकाळी चहा घेताना काकूंनी वाचलेल्या पुस्तकातलं एक प्रकरण ऐकायचे.

"तुम्ही कोण?" पावलांचा आवाज ऐकून काकांनी विचारलं.

"मी यांची वहिनी. साइट दुरुस्त करते. काय झालं ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"तोंडून कशाला, कानानेच ऐका." काकांनी मोबाइल काढला, एका जागी बोट टेकवलं आणि काकूंच्या एका पुस्तकाचं पान उघडलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज सुरू झाला. पुस्तकाचं नाव आलं. लेखकाचं आलं. मग यंत्र म्हणालं, "वाचन: एक."

काकांनी यंत्र थांबवलं.

"पूर्वी इथे तिचं नाव यायचं," काका म्हणाले. "नाव ऐकलं की मी कप खाली ठेवायचो. आता हे ऐकतो. वाचन: एक. माझी बायको म्हणजे काय आगगाडीचा डबा आहे?"

"काका, मी खरंच..." वन्सं बोलू लागल्या.

"उद्या दुपारी मी परत येणार," काकांनी त्यांना थांबवलं. "तिने वाचलेलं सगळं साइटवरून उतरवा, असं सांगायला. ज्या घरात तिला नाव नाही त्या घरात तिचा आवाजही राहायला नको."

आणि काठी टेकत, एकाही खुर्चीला न अडखळता, ते निघून गेले.

२

"खरं सांगा वन्सं," दार लागल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुमच्यावरच का?"

वन्संनी कपाळाला हात लावला. "कारण मीच मूर्खासारखं बोलले होते. मागच्या बैठकीत. दोन वाचकांची नावं अगदी सारखी आहेत, ऐकणाऱ्यांचा घोटाळा होतो. मी म्हटलं, वाचकांना क्रमांक देऊ. काका सल्लागार म्हणून बैठकीला होते. ते इतके चिडले की मी विषय तिथेच सोडला."

"आणि क्रमांक दिले असते तर काकूंना कितवा आला असता?"

"पहिला. अजून कोणता?" वन्संचा आवाज रडवेला झाला. "तेच तर! माझा डाव असता तर तो हुबेहूब असाच दिसला असता. पण मी हात लावलेला नाही गं. मला त्या साइटमध्ये काही बदलता येतं का? मला ईमेलला फोटो जोडताना घाम फुटतो."

हे मात्र खरं होतं. वहिनींनी स्वतः त्यांना तीनदा शिकवलं होतं.

"शिवाय माझं ऐक. काका म्हणाले तेव्हा मी तोंडावर बोलले नाही, म्हातारा माणूस आहे. पण नाव गेलेलंच नाही. मी रोज सकाळी आल्या आल्या साइट उघडते. हे बघ."

त्यांनी स्क्रीन वळवली. साइटच्या पहिल्या पानावर काकूंचा फोटो होता: केस मागे घट्ट बांधलेले, समोर मायक्रोफोन, ओठांवर अर्धं हसू. खाली लिहिलं होतं 'आमच्या पहिल्या वाचक', आणि त्याखाली काकूंचं पूर्ण नाव, ठसठशीत.

वहिनींनी चष्मा वर केला, खाली केला. मग काकूंच्या त्याच पुस्तकाचं पान उघडलं. तिथे होतं: 'वाचन: 1'.

दोन्ही पानं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली.

"काका पहिल्या पानावर कधी येतात?"

"कधीच नाही. ते थेट पुस्तकावर जातात."

"आणि तुम्ही पुस्तकाचं पान कधी उघडता?"

"मी कशाला उघडू? पुस्तकं मी रेकॉर्ड होतानाच ऐकलेली असतात."

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. एकाला रोज नाव दिसत होतं आणि दुसऱ्याला रोज ऐकू येत नव्हतं. वहिनींच्या मनात आलं, चोर असा कसा, की दर्शनी भिंतीवरची पाटी तशीच ठेवतो आणि आतल्या कपाटावरची तेवढी पळवतो?

"इतर वाचकांच्या पुस्तकांवर नावं आहेत?"

वन्संनी भराभर एकेक पान उघडून बघितलं. "सगळ्यांची आहेत." त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त काकूंच्याच बाबतीत हे झालंय. म्हणून तर मला वाटतं वहिनी, हे कोणीतरी मुद्दाम केलंय. आणि ते माणूस आपल्यातलंच आहे."

३

आपल्यातली माणसं म्हणजे आणखी दोनच. त्यातला पहिला ध्वनिमुद्रक. याला सगळे कानसेन म्हणत. मागच्या खोलीत, रेकॉर्डिंगच्या बंद खोलीच्या जाड दाराच्या आणि दुहेरी काचेच्या अलीकडे तो दिवसभर हेडफोन लावून बसायचा आणि कोणी हाक मारली की दचकायचा.

वहिनी आत गेल्या तेव्हाही तो दचकलाच. पण या वेळी त्याने घाईघाईने स्क्रीनवरची एक खिडकी बंदही केली.

"काय लपवलंत?" वहिनींनी सरळच विचारलं.

"काही नाही. चालू काम."

"कोणाचं पुस्तक?"

कानसेनने हेडफोन गळ्यात ओढला आणि काचेकडे बघत बसला.

वहिनींनी घाई केली नाही. छापखान्यात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या: चूक झालेला माणूस आणि चूक लपवणारा माणूस यांची गप्प बसायची रीत वेगळी असते. हा लपवत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर अपराध कमी आणि संकोच जास्त होता.

"आत यायच्या आधी मी साइटवरच्या ध्वनिफितींच्या तारखा बघितल्या," त्या सावकाश म्हणाल्या. "काकूंच्या बऱ्याचशा याच महिन्यात बदलल्यात. इतक्या वर्षांनी. त्या तुमच्याशिवाय कोण बदलणार?"

"वन्संना सांगू नका," कानसेन म्हणाला. सगळं ऑफिस वन्संना याच नावाने ओळखायचं. "काकूंची सुरुवातीची पुस्तकं त्यांच्या घरी रेकॉर्ड झालीत. तेव्हा आपल्याकडे ही खोली नव्हती. मागे सतत पंख्याची घरघर येते. ऐकणारे तक्रार करतात. वन्सं म्हणाल्या होत्या, दुसऱ्या वाचकाकडून नव्याने वाचून घेऊ. मला ते सहन होईना. तो आवाज टाकून द्यायचा? म्हणून मी रोज थोडी थोडी घरघर काढतोय. न विचारता. मूळ फिती जपून ठेवल्यात, एकही पुसलेली नाही."

"आणि नाव?"

"नावाला मी कशाला हात लावू?" तो खरोखर दुखावला. "मला ध्वनिफितींच्या फोल्डरपलीकडे जाताच येत नाही. तेवढंच कुलूप उघडतं माझ्याकडून. हवं तर झटपटला विचारा."

वहिनींनी त्याला एक फीत ऐकवायला सांगितलं. घरघर गेलेली. स्वच्छ, जरा खर्जातला, घाई नसलेला आवाज. एका वाक्याच्या शेवटी काकू हसू आवरत होत्या हे कळत होतं, आणि कानसेनने ते हसू पुसलेलं नव्हतं.

असा माणूस नाव पुसणार नाही, असं वहिनींना वाटलं. पण वाटणं हा पुरावा नव्हे. त्या उठल्या आणि दारात थांबल्या.

"नाव दिसेनासं झाल्याची तक्रार पहिल्यांदा कधी आली?"

"ज्या आठवड्यात साइट एकदम पळायला लागली ना, त्याच आठवड्यात," कानसेन म्हणाला. "झटपटने काहीतरी जादू केली तेव्हा."

४

झटपट हा वाचनालयाचा प्रोग्रॅमर. जुना प्रोग्रॅमर परगावी गेल्यावर आलेला, दोन मुलींचा बाप, बोलणं चालणं जेवणं सगळं घाईत. समोरचा माणूस बसायच्या आत त्याची अर्धी हकीकत सांगून झालेली असायची.

"मीच केलं, पण मी केलेलं नाही," त्याने सुरुवात केली.

"हळू. मी प्रुफं वाचणारी बाई आहे. एका वेळी एक ओळ."

झटपट हसला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. "प्रत्येक वाचकाची एक छोटी फाईल आहे. त्यात नाव. पूर्वी साइटचं कुठलंही पान उघडलं की सगळ्या वाचकांच्या सगळ्या फायली आधी उघडल्या जायच्या. पुस्तक एकाचं, फायली सगळ्यांच्या! पान उघडेपर्यंत माणसाचा चहा निवायचा. मी ते बंद केलं. मी एक फंक्शन लिहिलं, त्याचं नाव 'आण'. पुस्तक ज्याचं असेल त्याचीच फाईल, आणि गरज पडेल तेव्हाच. पान म्हणतं, आण रे अमक्याची फाईल. 'आण' जातं, उघडतं, नाव आणून देतं. साइट वाऱ्यासारखी पळते."

"काकूंचं पुस्तक तपासून बघितलंत?"

त्याने मान खाली घातली. "चार-पाच पुस्तकं बघितली. काकूंचं त्यात नव्हतं. पण तक्रार आल्यावर सगळं पिंजून काढलं, ताई! काकूंची फाईल उघडली. नाव जागच्या जागी आहे, अक्षरही हललेलं नाही. फाईल सापडत नाही म्हणावं तर साइट बोंब मारते, तीही मारलेली नाही. आणि तो 'एक'! मी सगळ्या साइटभर शोधला. नावाच्या जागी एक छाप, असं कोणीच कुठेच लिहिलेलं नाही."

"बाहेरून कोणी घुसलं असेल?"

"तीन रात्री तेच शोधतोय. दाराला ओरखडासुद्धा नाही." त्याचा चेहरा उतरला. "सगळ्यांना वाटतंय मी धांदरट आहे. असेनही. पण काकांच्या बाबतीत मी असं करेन का? नोकरीला लागलो त्या दिवशी मला पहिली ताकीद मिळाली ती हीच, की काकूंच्या फाईलला आणि पहिल्या पानावरच्या त्यांच्या चौकटीला हात लावायचा नाही. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"ताकीद कोणी दिली?"

"जुन्या प्रोग्रॅमरने. त्यांना कोणी दिली, देव जाणे."

वहिनींनी वाचकांच्या फायलींच्या तारखा समोर लावायला सांगितल्या. एकेक बघत त्या खाली आल्या. नवी, नवी, नवी, सगळ्या याच महिन्यातल्या. झटपटने 'आण' लिहिताना प्रत्येकीत थोडा बदल केला होता. फक्त एक तारीख फार जुनी होती, काकूंच्या हयातीतली.

वहिनी खुर्चीत मागे टेकल्या. सकाळपासून त्या एकच प्रश्न विचारत होत्या: हात कोणी लावला? आणि इथे तर दिसत होतं की सगळ्या वाचकांच्या फायलींना हात लागला आणि त्यांची नावं शाबूत राहिली. जिला कोणीच हात लावला नाही, तिचंच नाव गेलं.

"उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "प्रश्न उलटा धरला होता मी."

५

घरी आल्यावर त्यांनी काकूंची फाईल आणि दुसऱ्या एका वाचकाची फाईल अशा दोन्ही छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या. कागदावर उतरल्याशिवाय त्यांना काही वाचल्यासारखं वाटत नसे. दोन्हींत मिळून चार ओळीसुद्धा नव्हत्या. अक्षरं बारीक होती आणि चष्मा दुसऱ्या खोलीत राहिला होता.

"अहो," त्यांनी हाक मारली, "माझा वाचायचा चष्मा पलंगाजवळ असेल, जरा बघता का?"

आतून यजमानांच्या हालचालीचा आवाज आला. ड्रॉवर उघडला, बंद झाला. मग प्रसन्न सुरात उत्तर आलं, "हो, मिळाला!"

आणि पुढे काही नाही. वहिनी वाट बघत राहिल्या. आतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

"अहो, मग आणा की!"

"तू 'बघता का' म्हणालीस. बघितला."

वहिनींनी कपाळावर हात मारायला उचलला आणि तो हात तसाच वर राहिला. यजमान चष्मा घेऊन आले तेव्हा त्या हात वर करून भिंतीकडे बघत हसत होत्या.

"बरी आहेस ना?"

"फार बरी आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आत्ता मला 'एक' म्हणालात."

यजमानांनी त्यांच्याकडे, मग चष्म्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पोळ्या लाटायला घेतल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कळलं होतं की अशा वेळी लाटणं हातात असलेलं बरं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी काका ठरल्यासारखे आले. वहिनींनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं होतं. काका जाड दाराला लागून खुर्चीवर बसले, वन्सं त्यांच्यापासून जितकं लांब बसता येईल तितक्या लांब.

"चोर सापडला का?" काकांनी विचारलं.

"आधी एक छोटं काम. झटपट, आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या, काकूंचं पूर्ण नाव अगदी मोठ्याने घ्या आणि बाहेर येऊन फक्त 'काम झालं' एवढंच म्हणा."

झटपट गेला. दार लागलं. काचेतून त्याचं तोंड हललेलं दिसलं. तो बाहेर आला. "काम झालं."

"काका, काय ऐकलंत?"

"हा म्हणाला, काम झालं."

"नाव?"

"नाव कुठून ऐकू येणार? ती खोली आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच बांधलीय."

"आता परत जा," वहिनींनी झटपटला सांगितलं, "आत नाव घ्या, आणि या वेळी ते नाव बाहेर येऊन काकांच्या हातात द्या."

झटपट परत आला आणि त्याने काकांसमोर वाकून काकूंचं नाव उच्चारलं. काकांची काठीवरची बोटं किंचित हलली.

"झालं असं," वहिनी म्हणाल्या. "झटपटने लिहिलेलं 'आण' हे फंक्शन म्हणजे ही बंद खोली. फंक्शनच्या आत जे नाव ठेवाल ते आतच राहतं. काम संपलं की खोली रिकामी होते, नाव पुसलं जातं. एवढंच नाही, फंक्शनच्या आत बसून दुसरी फाईल उघडली तर त्या फाईलने ठेवलेलं नावही त्या खोलीतलंच होतं. पूर्वी साइट सगळ्या फायली बाहेर, मोकळ्या जागेत उघडायची. काकूंची फाईल नाव मोठ्याने घ्यायची आणि ते सगळ्या पानाला ऐकू जायचं. आता तीच फाईल खोलीत उघडते. ती नाव घेते, पण ऐकायला बाहेर कोणी नाही."

"मग बाकीच्यांची नावं?" वन्संनी लांबूनच विचारलं.

"बाकीच्या फायलींमध्ये झटपटने एकेक शब्द बदलला: नाव फक्त ठेवू नकोस, बाहेर परत दे. म्हणजे दुसऱ्या खेपेला त्याने केलं तसं. काकूंची फाईल तेवढी जुन्या पद्धतीची राहिली."

झटपटने डोक्याला हात लावला. "आणि पहिल्या पानावरची त्यांची चौकट! तिलाही मी हात लावला नाही. तिथे फाईल अजून मोकळ्यातच उघडते. म्हणून तिथे नाव दिसतं!"

"म्हणून वन्संना रोज दिसलं आणि काकांना रोज ऐकू आलं नाही. दोघंही खरे."

"पण तो एक?" काकांचा आवाज अजून कडक होता. "नाव आलं नाही तर काही येऊ नये. एक कोणी लिहिला?"

"कोणीच नाही. साइटला फाईल उघडायला सांगितली आणि फाईलने काहीच बाहेर दिलं नाही, तर साइट आपलं उत्तर देते: हो, मिळाली, उघडली. काम झालं. तिच्या भाषेत 'हो' हे आकड्यात लिहितात, आणि तो आकडा आहे एक. ते उत्तर पानाने नाव समजून छापलं. काका, रोज सकाळी यंत्र तुम्हाला सांगत होतं, वाचन: हो. काकूंना कोणी क्रमांक दिलेला नाही."

कानसेनने उगाच एक वायर गुंडाळली, उलगडली.

"मग चूक या पोराची," शेवटी काका म्हणाले. "एकीलाच का सोडलं याने?"

"मला सक्त ताकीद होती," झटपट पुटपुटला.

"तेच मला शेवटचं विचारायचंय," वहिनी मऊ आवाजात म्हणाल्या. "सकाळी मी जुन्या प्रोग्रॅमरना फोन केला होता. काका, त्या फाईलला कधीही, कोणीही हात लावू नये, असं त्यांना कोणी सांगितलं होतं?"

काकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी," ते म्हणाले. "ती गेली त्या महिन्यात. घरातलं सगळं बदलत होतं, लोक येऊन वस्तू हलवत होते. मला वाटलं, एक तरी जागा असावी जिथे तिचं जसं होतं तसं राहील."

मग काकांनी मान वन्संच्या दिशेला बरोबर वळवली. वन्सं इतका वेळ कुठे बसल्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

"मुली, मी तुला नको ते बोललो. एक्स्चेंजमध्ये असताना रोज शेकडो लोक मला सांगायचे की तुम्हीच आमचा फोन तोडला, आणि मी मनात म्हणायचो, आधी विचारा तरी. मीही विचारलं नाही."

"जाऊ द्या हो काका," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "तुमचा आवाज चढला की आम्ही सगळे लाइनवर ताठ उभे राहतो, एवढंच."

काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे, आधी नाकातून आणि मग खुलून.

७

दुरुस्ती करायला झटपटने लॅपटॉप उघडला. "फाईलला हात न लावताही जमेल," तो काकांना म्हणाला. "नाव सगळ्या साइटला ऐकू जाईल असं जाहीर करून टाकतो. एकच ओळ."

"नको," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येक फाईलमध्ये त्या जागेचं नाव 'नाव' हेच आहे. सगळ्यांनी मोकळ्यात एकच शब्द ओरडायला सुरुवात केली, तर पुढे कधीतरी काकूंच्या पुस्तकावर दुसऱ्याचंच नाव चढेल. पण फाईल काकांची आहे. ते म्हणतील तसं."

"बदला," काका म्हणाले. "जपून ठेवायच्या नादात मीच तिला कोंडलं."

झटपटने एक शब्द बदलला. वहिनींनी लगेच पहिल्या पानावरची चौकटही बदलायला लावली. ती अजून जुन्याच पद्धतीने नाव ऐकत होती, नाहीतर आता तिथलं नाव गेलं असतं. काकांनी मोबाइल कानाशी धरला. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि मग यंत्राने नेहमीसारखा चुकीच्या अक्षरावर जोर देत काकूंचं नाव घेतलं.

"चुकीचं म्हणतं," काका समाधानाने म्हणाले. "पहिल्यापासून चुकीचंच म्हणतं. तिला फार राग यायचा."

त्या आनंदात कानसेनने पंख्याची घरघर काढल्याचं कबूल करून टाकलं. काकांनी दोन्ही फिती मागितल्या. एक शेजाऱ्यांना ऐकवायला स्वच्छ, आणि एक स्वतःला, पंख्यासकट. "तो आमच्या जेवणघरातला पंखा आहे," ते म्हणाले. "त्याला तेल घालायचं राहिलं होतं."

मग त्यांना ती बंद खोली स्वतः बघायची हुक्की आली. वन्संनी हात धरून त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि दार लावून त्या बाहेर आल्या. काका आत एकटेच बोलू लागले: आधी काकूंचं नाव, मग जुन्या सवयीने काही गावांची नावं, एकामागून एक, नोकरीत असताना जोडून द्यायचे तशी. बाहेर कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. फक्त कानसेनच्या गळ्यातल्या हेडफोनमधून बारीक आवाज झिरपत होता, कारण मायक्रोफोन चालूच राहिला होता. त्याने हेडफोन कानाला लावला. त्याचा चेहरा बदलला. त्याने हेडफोनची एक बाजू वन्संच्या कानाशी नेली, आणि दोघं तशीच डोक्याला डोकं लावून उभी राहिली.

"काका," कानसेनने बटण दाबून आतल्या स्पीकरवर विचारलं, "तुम्ही ब्रेलमध्ये वाचता ना? मोठ्याने कधी वाचून बघितलंय?"

आतून उत्तर आलं. "वाचायची ती. मी ऐकायचो. आमची तशी वाटणी होती."

"आता वाटणी बदलायला हरकत आहे?"

काकांनी टेबलावर हात फिरवला, मायक्रोफोनला बोट लावून तो कुठे आहे ते बघितलं आणि खुर्ची थोडी पुढे घेतली. वन्सं धावत जाऊन कपाटातून एक जाडजूड ब्रेल पुस्तक घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवलं. काकांची बोटं पहिल्या ओळीवर थांबली. झटपटने तेवढ्यात वाचकांच्या फायलींत एक नवी फाईल उघडली आणि नाव लिहिलं. या वेळी त्याने प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं.

काचेबाहेर कानसेनने सुरू करा म्हणून हात वर केला, मग स्वतःशीच हसून तो खाली घेतला आणि बटण दाबलं.

"बोला, काका."

काकांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. वहिनींना घरी जायचं होतं, पण पहिलं पान संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि दुसरं सुरू झाल्यावर त्यांनी पर्सही खाली ठेवली.